एकाच किल्लीचा कारभार

वाईच्या ढोल्या गणपतीचे दर्शन घ्यावे आणि कृष्णेच्या काठाने वरच्या अंगाला तीनेक किलोमीटर जावे, म्हणजे मेणवली लागते. लहानसे गाव. गावाच्या कडेला दगडी तटाच्या आत एक जुना वाडा उभा आहे. वाड्याच्या मागच्या बाजूने बाहेर पडले, की एकदम नदीच दिसते. अर्धचंद्रासारखा वळलेला घाट, पाण्यापर्यंत उतरत गेलेल्या पायऱ्या, वर विष्णूचे आणि मेणेश्वराचे अशी दोन देवळे, आणि मेणेश्वराच्या शेजारी छोट्या दगडी मंडपात टांगलेली एक मोठी घंटा. महाबळेश्वरला जाणारे-येणारे इथे वाट वाकडी करून येतात, फोटो काढतात आणि बहुधा अर्ध्या तासात निघतात. २००४ साली आलेल्या ‘स्वदेस’ चित्रपटात हा घाट दिसला, तेव्हापासून गर्दी वाढली. वाडा कोणाचा, असे विचारले तर कोणीही सांगतो, नाना फडणवीसांचा. पण नाना कोण, असे विचारले की उत्तरे निरनिराळी येतात.

आमच्या पिढीने शाळेत नानांना साडेतीन शहाण्यांतला अर्धा शहाणा म्हणून ओळखले. सखारामबापू बोकील, विठ्ठल सुंदर आणि देवाजीपंत चोरघडे हे तिघे पुरे शहाणे, कारण ते बुद्धीबरोबर तलवारही चालवत. नाना मसलतीत सर्वांच्या वरचढ, पण तलवारीचे नाव नको, म्हणून अर्धे. पुढे १९७२ साली ‘घाशीराम कोतवाल’ नाटक रंगभूमीवर आले आणि अनेकांच्या मनात नानांची दुसरीच प्रतिमा जाऊन बसली. मला मात्र या दोन्ही प्रतिमांपेक्षा तिसरीच गोष्ट पहिल्यापासून जवळची वाटत आली. नाना हे मुळात हिशेबनीस होते. माझी स्वतःची तीसहून अधिक वर्षे बँकेच्या खातेवह्यांत गेली असल्यामुळे असेल, मी मेणवलीला जातो तो एका ज्येष्ठ सहकाऱ्याच्या घरी गेल्यासारखा.

फडावरचे घराणे

नानांचे नाव बाळाजी जनार्दन भानू. भानू घराणे मूळ कोकणातल्या वेळासचे. समुद्री कासवांच्या पिलांमुळे आज हे वेळास सर्वांना ठाऊक झाले आहे. श्रीवर्धनचे भट, म्हणजे पुढचे पेशवे, आणि वेळासचे भानू यांचा जुना घरोबा. बाळाजी विश्वनाथ घाटावर आले आणि भाग्याला चढले, त्यांच्या पाठोपाठ भानूही आले. १७१९ साली बाळाजी विश्वनाथ दिल्लीला गेले असताना तिथल्या दंग्यात नानांचे आजोबा मारले गेले. पुढे राज्याची फडणिशी या घराण्याकडे चालत राहिली. म्हणजे नानांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी साताऱ्याला झाला, तेव्हा या घराने आपल्या पदाची किंमत रक्ताने आधीच चुकती केलेली होती.

१७५६ साली वडील जनार्दनपंत वारले आणि चौदा वर्षांच्या मुलाच्या अंगावर फडणिशीची वस्त्रे आली. नानासाहेब पेशव्यांनी त्याला आपल्या मुलांबरोबर वाढवले. मुलगा प्रकृतीने नाजूक, स्वभावाने भित्रा, देवपूजेत रमणारा. १७६० साली भाऊसाहेब उत्तरेच्या मोहिमेवर निघाले तेव्हा हाही निघाला, तो लढायला कमी आणि तीर्थयात्रेला जास्त. बरोबर आई आणि बायको होती. मथुरा-वृंदावन झाले आणि मग पानिपत आले.

१४ जानेवारी १७६१ च्या त्या संध्याकाळी अठरा वर्षांचा फडणीस वेष टाकून, रानातून, गवतातून जीव वाचवत पळाला. आई त्या धामधुमीत गेली ती गेलीच. बायको मात्र पुढे सुखरूप भेटली. नानांनी आपल्या तरुणपणाची हकिगत स्वतःच्या हाताने लिहून ठेवली आहे. मराठीतल्या अगदी आरंभीच्या आत्मचरित्रांत तिची गणना होते. तीत पराक्रमाची एकही बढाई नाही. आपली भीती, आपला विषयलोभ, आईचा वियोग, सगळे तिथे मांडलेले आहे. हिशेबनीस माणसाने आपल्या जन्माचाही जमाखर्च लिहिला आणि नावेची बाजू लपवली नाही.

दप्तर

फडणीस म्हणजे काय, हे आज सांगावे लागते. राज्यात येणारा आणि राज्यातून जाणारा प्रत्येक रुपया त्याच्या नजरेखालून जायचा. गावचा महसूल, सरदारांची सरंजामे, फौजेचा पगार, इनामे, देवस्थानांची वर्षासने, किल्ल्यांचा खर्च, सगळ्याला फडणिसाची नोंद लागे. पुण्याच्या हुजूर दप्तरात दोनशेहून अधिक कारकून काम करीत. त्याचे मोठे भाग दोन. चालते दप्तर म्हणजे रोजचा कारभार. त्यात फड, बेहेडा, सरंजाम असे पोटविभाग. दुसरे एकबेरीज दप्तर. तिथे सगळ्या खात्यांचे कागद गोळा होत आणि वर्षाची जमा, खर्च नि शिल्लक दाखवणारे तर्जुमे तयार होत. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे, तर एक शाखेचे काउंटर आणि दुसरे मुख्य कचेरीतले ताळेबंदाचे खाते.

हे दप्तर नानांच्या हाताखाली जितके चोख राहिले तितके आधी नव्हते आणि नंतरही राहिले नाही. थोरल्या माधवरावांना हिशेबाची चाड होती. असा धनी आणि असा फडणीस एकत्र आले, म्हणूनच पानिपतात बुडालेले राज्य दहा वर्षांत पुन्हा उभे राहिले. पेशवे स्वारीवर असत तेव्हा पुण्याचा बराच भार नानांवर असे. याच काळात, १७६८ साली, त्यांना मेणवली गाव इनाम मिळाले. पुढे सवडीसवडीने त्यांनी तिथे वाडा बांधला, घाट बांधला, देवळे बांधली. सहा चौकांचा हा वाडा. सागवानी खांब, तुळया, भिंतींवर देवादिकांची चित्रे, बाहेर तट, मागे नदी. पुण्याला शनिवारवाड्याजवळ १७८० साली बांधलेला त्यांचा दुसरा वाडा होता, पण तो राजकारणाचा. मेणवलीचा वाडा मात्र विसाव्यासाठी होता. एवढ्या प्रेमाने बांधलेल्या या घरात त्यांना सलग राहायला मात्र फार थोडे मिळाले.

दुसरी किल्ली

बँकेत नोकरी केलेल्या प्रत्येकाला एक नियम ठाऊक असतो. तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक व्यवस्थापकाकडे आणि दुसरी मुख्य रोखपालाकडे. दोघे हजर असल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. एकाचा दुसऱ्यावर विश्वास नसतो म्हणून हा नियम केलेला नाही. एक माणूस चुकला किंवा मोहात पडला, तरी तिजोरी सुरक्षित राहावी यासाठी तो आहे. नानांच्या पुढच्या आयुष्याकडे पाहताना मला या नियमाची वारंवार आठवण होते.

१८ नोव्हेंबर १७७२ रोजी माधवराव थेऊरला वारले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी धाकटे नारायणराव शनिवारवाड्यात मारले गेले आणि त्यांचे काका रघुनाथराव पेशवे झाले. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. कारभारी मंडळी एकत्र आली, गंगाबाईंना पुरंदरावर नेले आणि १८ एप्रिल १७७४ रोजी तिथे मुलगा जन्मला. तेच सवाई माधवराव. चाळीस दिवसांच्या बाळाच्या नावाने राज्य चालवण्याचा हा उद्योग म्हणजे बारभाईंचे कारस्थान. सखारामबापू, नाना, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे असे अनेक जण त्यात होते. म्हणजे सुरुवातीला तिजोरीच्या किल्ल्या एका हातात नव्हत्या, अनेक हातांत होत्या.

रघुनाथराव इंग्रजांकडे गेले आणि पहिले इंग्रज-मराठा युद्ध पेटले. जानेवारी १७७९ मध्ये मुंबईची फौज बोरघाट चढून तळेगावापर्यंत आली. मराठ्यांनी वाटेतला दाणागोटा नाहीसा केला, प्रसंगी पुणेसुद्धा जाळायची तयारी ठेवली. इंग्रज मागे फिरले आणि वडगावला त्यांना हात टेकावे लागले. रणांगणावर महादजी शिंदे होते, आणि मागे पुरवठा, बातम्या आणि पैसा यांची व्यवस्था लावायला नाना होते. पुढे नानांनी निजाम, हैदर आणि नागपूरकर भोसले यांना एका मसलतीत ओढून इंग्रजांना तीन बाजूंनी गुंतवले. १७८२ साली सालबाईचा तह झाला तेव्हा इंग्रजांना रघुनाथरावांची बाजू सोडावी लागली. साष्टी गेली, पण राज्य वाचले. कधीही तलवार न चालवलेल्या माणसाची ही कमाई आहे. तिला अर्धे शहाणपण म्हणणाऱ्यांचे गणित मला कधी पटले नाही.

पण याच वर्षांत एक दुसरी गोष्टही घडत गेली. १७७८ साली नानांचे चुलतभाऊ मोरोबादादा यांनी रघुनाथरावांच्या बाजूने उठाव केला. तो मोडला आणि मोरोबा कैदेत पडले. सखारामबापूंवर संशय आला, तेही कैदेत गेले आणि १७८१ साली रायगडावर वारले. दोघांचेही अपराध खोटे नव्हते. पण परिणाम असा झाला, की किल्ल्या एकेक करून नानांच्या कमरेला जमा होत गेल्या. त्यांचे बातमीदार सगळीकडे होते. कोणाच्या दरबारात काय चालले आहे, हे त्यांना घरबसल्या कळे. ते सगळे त्यांच्या डोक्यात, त्यांच्या कागदात. दुसऱ्या कोणाला कारभाराची पुरती माहिती असावी, अशी व्यवस्था मात्र राहिली नाही.

अशा कारभारात वरच्याच्या नजरेतून खालचे काय सुटते, हे १७९१ साली पुण्याने पाहिले. शहर कोतवाल घाशीराम सावळदास याने तैलंगी ब्राह्मणांना पकडून एका कोठडीत कोंडले. त्यांतले वीसहून अधिक जण तिथेच मेले. लोक खवळले. नानांना घाशीराम त्यांच्या हवाली करावा लागला आणि जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले. हा कोतवाल नानांच्याच कारकिर्दीत वर्षानुवर्षे शहरावर होता. दप्तरातली पै न् पै पाहणाऱ्या माणसाला आपल्याच शहरातल्या कोठडीचा पत्ता नव्हता, किंवा असून त्याने डोळेझाक केली. यांतले काहीही खरे धरले, तरी ही नावेची बाजू आहे आणि ती मांडायलाच हवी.

तोल जातो

१२ फेब्रुवारी १७९४ रोजी, म्हणजे नानांच्या बावन्नाव्या वाढदिवशी, महादजी शिंदे पुण्याजवळ वानवडीला वारले. दोघांचे कधी पटले नाही, पण दोघांनी मिळून राज्य तोलून धरले होते. त्याच वर्षी हरिपंत फडकेही गेले. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला निजामाचा पराभव झाला, सगळे सरदार एका झेंड्याखाली लढले. नानांच्या कीर्तीचा तो कळस होता.

आणि त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला एकवीस वर्षांच्या सवाई माधवरावांनी शनिवारवाड्यातल्या गच्चीवरून खाली उडी घेतली किंवा तापाच्या भरात ते पडले. दोन दिवसांनी त्यांचा अंत झाला. ज्या मुलाला जन्माआधीपासून नानांनी जपले, त्याला त्यांनी राज्य चालवायला मात्र कधी मोकळे सोडले नाही. त्याने कोणाशी बोलावे, कोणाला पत्र लिहावे, यावरही पहारा असे. कैदेतल्या चुलत्याशी, रघुनाथरावांचा मुलगा बाजीराव याच्याशी त्याने चोरून पत्रव्यवहार केला, तो उघडकीस आला आणि त्याबद्दल त्याला कडक बोल ऐकावे लागले. मृत्यूचे खरे कारण काय, यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही. पण विश्वस्ताने ठेव सुरक्षित ठेवली आणि ठेवीचा मालकच हातचा गेला, असे काहीसे झाले.

वारस उरला तो बाजीरावच. ज्या रघुनाथरावांशी नाना जन्मभर झगडले, त्यांच्याच मुलाला गादीवर बसवणे नशिबी आले. १७९६ साली वारा उलटला तेव्हा नानांना पुणे सोडून साताऱ्याकडे, वाईला आणि मग घाट उतरून महाडला जावे लागले. ज्या परिसरात विसाव्याचा वाडा बांधला, तिथे ते आले ते जीव मुठीत धरून. पण महाडात बसूनसुद्धा त्यांनी अशी पत्रे फिरवली, की शिंदे, होळकर, भोसले, निजाम सगळे पुन्हा त्यांच्या बाजूला वळले. त्याच डिसेंबरात बाजीराव पेशवे झाले आणि नाना कारभारी.

वर्षभरच. ३१ डिसेंबर १७९७ रोजी नाना दौलतराव शिंद्यांच्या भेटीला छावणीत गेले असता, अभयाचे वचन मोडून त्यांना पकडण्यात आले आणि नगरच्या किल्ल्यात नेऊन ठेवले. मागे सर्जेराव घाटग्यांनी त्यांच्या पक्षाच्या लोकांची घरे लुटली आणि पुण्यातल्या पैसेवाल्यांचा छळ मांडला. पुढच्या वर्षी पैसे भरून सुटका झाली. पुन्हा कारभार हाती आला, पण त्यात जीव उरला नव्हता. १३ मार्च १८०० रोजी नाना पुण्यात वारले. त्यांच्याबरोबर मराठी राज्यातला शहाणपणा आणि संयम गेला, असे इंग्रजांच्या पुण्यातल्या वकिलानेच लिहून ठेवले आहे.

तीनच वर्षांच्या आत, ३१ डिसेंबर १८०२ रोजी, बाजीरावांनी वसईला इंग्रजांशी तह केला. नानांना पकडल्याला त्या दिवशी बरोबर पाच वर्षे झाली होती. मेणेश्वराजवळची घंटा वसईचीच आहे. १७०७ साली ओतलेली. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधून आलेल्या घंटांपैकी ही एक. जिथून विजयाची घंटा आली, त्याच गावी पुढे स्वातंत्र्य गहाण पडले.

वाडा कसा राहिला

नानांनी अनेक लग्ने केली, मुले झाली ती जगली नाहीत. ते वारले तेव्हा पत्नी जिऊबाई जेमतेम नऊ वर्षांच्या होत्या. पेशव्यांची नजर नानांच्या संपत्तीवर होती. जिऊबाई लोहगडावर, नानांचे विश्वासू किल्लेदार धोंडो बल्लाळ नित्सुरे यांच्या आश्रयाला राहिल्या. १८०४ साली इंग्रज सेनापती वेलस्ली यांच्या मध्यस्थीने त्या पनवेलला आल्या आणि त्यांना वर्षाला बारा हजार रुपयांची नेमणूक मिळाली. पेशवाई गेल्यावर त्या मेणवलीला येऊन राहिल्या. नवऱ्याला जे घर पुरते लाभले नाही, त्यात ही बाई संसाराशिवाय राहिली. त्यांनी दत्तक घेतला. वाडा आजवर टिकला तो त्या घराण्याने, गावाने आणि डागडुजी करणाऱ्या कितीतरी हातांनी सांभाळला म्हणून.

वाड्यात आणखी एक ठेवा होता, कागद. नानांचा पत्रव्यवहार, बातमीपत्रे, हिशेब, सगळे मोडीत. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी हे मेणवली दप्तर मिळवले. पुढे त्यांचा संग्रह साताऱ्याच्या संग्रहालयातून १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला. उत्तर पेशवाईचा अभ्यास आज या कागदांशिवाय होत नाही. पुण्याच्या हुजूर दप्तराची मात्र नानांच्या माघारी दैना झाली. बाजीरावांच्या काळात कागद नीट ठेवले गेले नाहीत, अनेक गहाळ झाले. वर्षानुवर्षे जपलेली शिस्त शिकवून तयार केलेला दुसरा माणूस नव्हता.

इथे मला माझी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. शाखा व्यवस्थापक असताना मी रजेवर गेलो, की काम अडायचे. फोनवर फोन यायचे. घरचे वैतागत, पण मला आतून त्याचा अभिमान वाटे. आपल्यावाचून चालत नाही, यासारखे सुख नाही. निवृत्तीच्या दिवशी माझ्या जागी आलेल्या तरुण अधिकाऱ्याने मला कितीतरी प्रश्न विचारले आणि त्यांतल्या अनेकांची उत्तरे कुठल्याच फाइलीत नव्हती, ती माझ्या डोक्यात होती. पुढचे वर्षभर त्या शाखेला फार जड गेले. ती चूक माझी होती. त्यानंतर मी पहिल्यांदा मेणवलीला गेलो, तेव्हा नाना मला जरा अधिक कळले आणि त्यांची कीव करण्याचा अधिकार आपल्याला नाही, हेही कळले. त्यांनी किल्ल्या हव्यासाने घेतल्या नव्हत्या. ज्याच्या हातात दिली त्याने दगा दिला, म्हणून त्या परत घेतल्या. एवढेच, की परत घेतलेली किल्ली पुढे द्यायची कोणाला, याची तजवीज जन्मभर हिशेब करणाऱ्या माणसाकडून राहून गेली.

पुढच्या वेळी महाबळेश्वरला जाताना मेणवलीला थांबलात, तर घाटावर मुलांना जरूर न्या, घंटा दाखवा. पण आधी वाड्यात शिरा. चौकात थोडा वेळ बसा. आणि घरातल्या कर्त्या माणसाने, मग तो बाप असो की आई, मुलांना एवढे सांगून टाकावे, की घरातले कागद कुठे आहेत आणि कपाटाची दुसरी किल्ली कोणाकडे आहे.